पत्र कोणाचे, शिक्का कोणाचा?

शाळेत पंचायत समितीचे पत्र आले की आपण आधी काय पाहतो? डोक्यावरचे कार्यालयाचे नाव, जावक क्रमांक, खालची सही आणि गोल शिक्का. सही ओळखीची नसेल तर फोन करून विचारतो. मगच पत्राची आवक नोंदवहीत नोंद होते.

तेच पत्र ई-मेलने आले तर? पडद्यावर साहेबांचे नाव आणि पत्ता दिसतो. ते नाव तिथे कोणी लिहिले? ज्याने पत्र पाठवले त्याने. तो साहेबच असला पाहिजे असे नाही. ई-मेलच्या मूळ नियमांत प्रेषकाचे नाव तपासण्याची सोयच नव्हती. मुख्याध्यापकांच्या नावाने पालकांना 'अमुक खात्यात फी भरा' असे पत्र कोणीही पाठवू शकत होता.

याची दुसरी बाजूही आहे. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या एका विज्ञान शिक्षकांनी शाळेसाठी डोमेन नाव घेतले. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घरीच मेल सर्व्हर सुरू केला. मुलांना शिकायला मिळेल आणि शाळेची पत्रे आपल्याच कपाटात राहतील, असा साधा विचार. त्यांनी शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कळवणारे पत्र पुसदच्या एका पालकांना पाठवले. पत्र पोचले नाही. पोचले असते तरी 'स्पॅम'च्या ढिगात पडले असते. पत्र खरे, पाठवणारे खरे, पण नुकसान मात्र मुलाचे.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. खोटे पत्र आत येऊ नये आणि खरे पत्र बाहेर अडकू नये. या दोन्ही प्रश्नांवर आज तीन नोंदी वापरल्या जातात: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. घरचा सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरमार्फत पत्रे पाठवतो तेव्हा या नोंदी कशा काम करतात, ते आपण पाहू या.

पाकीट आणि आतले पत्र

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवून दाखवला. पत्त्यातले '@' हे चिन्हही त्यांनीच निवडले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या टपाल-नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. सारे एकमेकांना ओळखत असल्याने प्रेषकाची परीक्षा घ्यावी असे कोणाला वाटले नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तोपर्यंत हे नियम रुळून गेले होते.

दोन सर्व्हरांमधील संभाषण साधारण असे चालते. पाठवणारा म्हणतो, 'नमस्कार, मी अमुक सर्व्हर.' मग, 'हे पत्र अमक्याकडून आहे.' मग, 'ते तमक्याला द्यायचे आहे.' आणि शेवटी, 'हा घ्या मजकूर.' पहिली तीन वाक्ये म्हणजे पाकिटावरचा मजकूर. चौथ्यात आतले पत्र येते. आतल्या पत्राच्या माथ्यावर पुन्हा एकदा प्रेषकाचे नाव असते. घेणारा सर्व्हर पाकीट बाजूला काढतो, त्यामुळे वाचणाऱ्याला दिसते ते आतले नाव. पाकिटावरचे नाव आणि आतले नाव एकच असावे अशी सक्ती नाही. हे दोन प्रेषक वेगवेगळे असतात ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पुढचा सारा गुंता इथूनच निघतो.

मग खोटे बोलता येत नाही असे काहीच नाही का? एक गोष्ट आहे. ज्या यंत्राने दार ठोठावले त्याचा आयपी पत्ता. संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. खोटा आयपी पत्ता सांगितला तर उत्तरे त्या खोट्या पत्त्यावर जातील आणि बोलणे पुढे सरकणारच नाही. म्हणून आयपी पत्ता हा घेणाऱ्याच्या हाती असलेला सर्वांत भरवशाचा पुरावा होय.

घरच्या सर्व्हरला दार का उघडत नाही?

कळंबच्या आपल्या शिक्षकांचे पत्र अडले त्याची कारणे तीन. पहिले, घरगुती जोडणीचा आयपी पत्ता बहुधा कायमचा नसतो, तो बदलत राहतो. पुष्कळदा अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला असतो. दुसरे, सर्व्हर ज्या २५ क्रमांकाच्या दारातून एकमेकांशी बोलतात, ते दार घरगुती जोडण्यांसाठी अनेक सेवा देणाऱ्या कंपन्या बंद ठेवतात. विषाणू शिरलेल्या घरगुती संगणकांतून कचरा-पत्रांचा पूर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तिसरे, मोठे सर्व्हर आयपी पत्त्यावरून उलटे नाव शोधतात. घरच्या पत्त्याला सर्व्हरचे नाव नसते, जोडणी देणाऱ्या कंपनीने दिलेले एखादे सांकेतिक नाव असते. 'हा घरगुती पत्ता, येथून पत्रे घेऊ नयेत' अशा याद्याही जगभर वापरल्या जातात.

यावरचा उपाय जुनाच आहे. खेड्यातले गुरुजी पत्र लिहून यवतमाळला निघालेल्या ओळखीच्या माणसाकडे देतात. तो ते यवतमाळच्या पोस्टात टाकतो. त्याचप्रमाणे घरचा सर्व्हर आपली पत्रे एका प्रतिष्ठित सर्व्हरकडे सोपवतो आणि तो ती पुढे नेतो. याला रिले म्हणतात. सोपवताना २५ ऐवजी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे दार वापरतात आणि नाव व परवलीचा शब्द सांगावा लागतो. पूर्वी कितीतरी सर्व्हर कोणाचीही पत्रे ओळख न विचारता पुढे पाठवीत. कचरा-पत्रे पाठवणाऱ्यांनी याचा इतका गैरवापर केला की 'सेंडमेल' या त्या वेळच्या लोकप्रिय प्रणालीने १९९८ च्या आवृत्तीपासून ही मुभा आपणहून बंद ठेवली.

पण गुरुजींचे पत्र यवतमाळच्या पोस्टात पडले, म्हणजे त्यावर शिक्का कुठला उमटला? यवतमाळचा. तसेच रिलेमार्फत गेलेल्या पत्राच्या वेळी पुसदच्या पालकांचा सर्व्हर रिलेचा आयपी पत्ता पाहतो, कळंबच्या घराचा नाही. पत्रात नाव कळंबच्या शाळेचे, शिक्का मात्र परक्याचा. हा परका शाळेच्या वतीने आला आहे हे कसे ओळखायचे?

सार्वजनिक नोंदवही

यासाठी सर्वांना वाचता येईल, पण फक्त मालकालाच लिहिता येईल अशी नोंदवही हवी. अशी नोंदवही इंटरनेटवर आहे. तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना मांडली. ती कशी शोधतात हे पिनकोडवरून समजते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. यवतमाळचा पिन ४४५००१. पहिल्या अंकाने विभाग, दुसऱ्याने उपविभाग, तिसऱ्याने वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटच्या तिन्हींनी पोस्ट ऑफिस कळते. डोमेन नावही असेच टप्प्याटप्प्याने, पण उजवीकडून डावीकडे वाचले जाते. शेवटी आपण त्या नावाच्या मालकाने लिहिलेल्या नोंदींपर्यंत पोचतो. तिन्ही नोंदी येथेच साध्या मजकुराच्या रूपात ठेवलेल्या असतात.

आपल्या शाळेचे काल्पनिक डोमेन नाव 'शाळा.उदाहरण' आणि रिलेचे 'रिले.उदाहरण' असे धरू.

पहिली नोंद: अधिकृत माणसांची यादी

शाळा बँकेला कळवते, 'आमच्या वतीने चेक घेऊन अमुक दोन शिपाई येतील, इतरांना थारा देऊ नये.' एसपीएफ ही अशीच यादी आहे. पूर्ण नाव सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क. यंत्रासाठी ती रोमन अक्षरांत लिहितात. देवनागरीत उतरवली तर अशी दिसेल:

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:रिले.उदाहरण -ऑल

अर्थ असा: ही एसपीएफची पहिली आवृत्ती आहे. रिले.उदाहरण यांच्या यादीतील सर्व आयपी पत्ते आमच्या वतीने पत्रे पाठवू शकतात. बाकी कोणीही नाही. शेवटच्या 'ऑल'आधी उणे चिन्ह असेल तर नकार ठाम असतो. तिथे '~' हे चिन्ह असेल तर 'शंका घ्या' एवढाच अर्थ होतो.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे यादीत घरचा आयपी पत्ता लिहिणे. पत्रे रिलेमार्फत जात असतील तर घेणाऱ्याच्या दाराशी घरचा पत्ता कधी येतच नाही, म्हणून त्या नोंदीचा उपयोग शून्य. उलट धोका आहे. आज आपल्याकडे असलेला पत्ता उद्या दुसऱ्याच घराला मिळेल आणि तो अनोळखी माणूस आपल्या यादीत अधिकृत ठरेल.

आणखी दोन नियम सांगायला हवेत. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. दोन लिहिल्या तर तपासणी चुकीची ठरते. आणि तपासताना 'इन्क्लूड'सारख्या उल्लेखांमागे जाऊन नोंदवहीत जास्तीत जास्त १० वेळा शोध घेता येतो. त्याहून लांब साखळी झाली की तपासणी फसते.

एसपीएफची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. ही तपासणी पाकिटावरच्या प्रेषकाची होते, आतल्या नावाची नव्हे. शिवाय परत येणारी पत्रे स्वतःकडे यावीत म्हणून अनेक रिले पाकिटावर स्वतःचाच पत्ता घालतात. मग तपासणी रिलेच्या नावाने उत्तीर्ण होते, शाळेच्या नावाने काहीच सिद्ध होत नाही. एका रिलेची हजारो गिऱ्हाइके असू शकतात. 'इन्क्लूड' लिहिले की त्या सर्वांचा सामाईक शिक्का आपण मान्य करतो. म्हणून गिऱ्हाइकाची त्या डोमेनवर मालकी आहे का, हे तपासणाराच रिले निवडावा.

दुसरी नोंद: नमुना सही

बँकेत नमुना सही ठेवलेली असते. चेक कोणीही आणला तरी सही जुळते का ते पाहतात. डीकिमचे तत्त्व हेच आहे. फरक असा की ही सही मजकुरातूनच गणिताने तयार होते, म्हणून एका पत्रावरची सही दुसऱ्यावर चिकटवता येत नाही.

हे गणित वर्गात करून पाहता येते. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घेऊ. त्यांचा गुणाकार ३३. गुप्त किल्ली ७, जाहीर किल्ली ३. पत्राचा मजकूर आहे, 'बैठक १३ तारखेला'. यातील अंकांची बेरीज ४, हा झाला मजकुराचा सारांश. सही करण्यासाठी ४ चा ७ वा घात घ्यायचा: १६,३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी १६. ही सही. घेणाऱ्याने जाहीर किल्ली वापरून १६ चा ३ रा घात घ्यायचा: ४,०९६. ३३ ने भागले की बाकी ४. मजकुराचा सारांशही ४, म्हणजे सही जुळली. आता वाटेत कोणी १३ चे १४ केले तर सारांश ५ होतो, सहीतून मात्र ४ च निघतो. लबाडी उघड.

चौकस विद्यार्थी लगेच विचारतील, '१३ चे ३१ केले तर?' बेरीज ४ च राहते आणि लबाडी पचते. म्हणून प्रत्यक्षात सारांश बेरजेने न काढता एसएचए-२५६ या पद्धतीने काढतात. तिच्यात एक अक्षर बदलले तरी पूर्ण सारांश बदलतो आणि तोच सारांश देणारा दुसरा मजकूर शोधणे व्यवहारात अशक्य असते.

दुसरा प्रश्न, '७ ही किल्ली कोणी ओळखली तर?' ३३ चे अवयव पाडता आले तर ओळखता येते. (३−१) × (११−१) = २०, आणि ३ × ७ = २१, ज्याला २० ने भागल्यावर बाकी १ उरते. ३३ चे अवयव चौथीतला मुलगा पाडेल. म्हणून खरी संख्या प्रचंड मोठी घेतात. आज २,०४८ बिटांची किल्ली वापरावी असे सांगतात. म्हणजे दशमान पद्धतीत ६१७ अंकी संख्या.

लहान किल्लीचा धोका काय, हे एका प्रसंगावरून कळते. डिसेंबर २०११ मध्ये झकारी हॅरिस या अमेरिकन गणितज्ञांना गूगलकडून नोकरीबद्दल विचारणारी ई-मेल आली. ती खरी की खोटी हे तपासताना त्यांना दिसले की सहीची किल्ली केवळ ५१२ बिटांची, म्हणजे सुमारे १५५ अंकी आहे. तेवढ्या संख्येचे अवयव १९९९ मध्येच पाडून झाले होते. ही आपली परीक्षा असावी असे समजून त्यांनी भाड्याच्या संगणकांवर ती किल्ली फोडली आणि गूगलच्या संस्थापकांच्याच नावाने त्यांना पत्र पाठवले. उत्तर आले नाही, पण काही दिवसांतच गूगलची किल्ली २,०४८ बिटांची झाली. अशी किल्ली फोडायला सुमारे ७२ तास आणि ७५ डॉलर पुरतात, असे त्यांनी २०१२ मध्ये सांगितले.

जाहीर किल्ली आपल्या डीएनएस नोंदवहीत ठेवतात. गुप्त किल्ली सही करणाऱ्याकडे राहते. आपल्या प्रसंगात सही कोणी करायची? दोन मार्ग आहेत. घरच्या सर्व्हरने सही केली तर किल्ली आपल्याच कपाटात राहते. पण रिलेने पत्राखाली जाहिरातीची एक ओळ जरी जोडली तरी सही मोडते. सहीत समाविष्ट केलेला विषय किंवा तारीख बदलली तरी तेच होते. मार्गाच्या नोंदी माथ्यावर वाढल्या तर मात्र बिघडत नाही, कारण त्या सहीत धरलेल्या नसतात. दुसरा मार्ग म्हणजे रिलेने शाळेच्या नावाने सही करायची आणि त्याने दिलेली जाहीर किल्ली आपण आपल्या नोंदवहीत लावायची. एका पत्रावर दोन सह्याही चालतात.

एक व्यावहारिक अडचण: नोंदवहीतील मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांहून मोठा असू शकत नाही. २,०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असल्याने तिचे दोन तुकडे करून लिहावे लागतात. हे विसरल्यामुळे सही जुळत नाही, असे पुष्कळदा घडते.

तिसरी नोंद: बँकेला दिलेली सूचना

यादी झाली, नमुना सही झाली. तरी एक फट उरते. रिलेच्या नावाने यादी जुळली, रिलेच्याच नावाने सही जुळली आणि आतल्या पत्रावर नाव मात्र तिसऱ्याचेच. वाचणाऱ्याला दिसते ते हेच नाव. ही फट डीमार्क बुजवते.

डीमार्क विचारते: पत्रात दिसणाऱ्या प्रेषकाचे डोमेन आणि यादी किंवा सही जुळलेले डोमेन एकच आहे का? दोन्हींपैकी एक जरी जुळली आणि तिचे डोमेन एक निघाले तर पत्र उत्तीर्ण. दोन्ही बाबतीत मेळ बसला नाही तर काय करायचे ते मालकाने नोंदीत सांगितलेले असते: काही करू नका, संशयितांत टाका किंवा नाकारा. त्याशिवाय 'आमच्या नावाने कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून पत्रे आली ते आम्हाला कळवा' असेही लिहिता येते. मग मोठे सर्व्हर ठरावीक काळाने तसा अहवाल पाठवतात.

कळंबच्या पत्राचे गणित आता मांडू. रिलेने पाकिटावर स्वतःचा पत्ता घातला. एसपीएफ जुळले, पण रिले.उदाहरणच्या नावाने. पत्रात नाव शाळा.उदाहरण, म्हणून मेळ नाही. डीकिमची सही शाळा.उदाहरणची आणि ती जुळली. पत्रातले नावही तेच. मेळ बसला, डीमार्क उत्तीर्ण. म्हणून रिलेमार्फत पाठवणाऱ्याने एसपीएफवर विसंबून न राहता डीकिमची सही आधी नीट करावी. सुरुवातीला 'काही करू नका' हीच सूचना ठेवून काही आठवडे अहवाल पाहावेत. आपली सगळी खरी पत्रे उत्तीर्ण होतात याची खात्री पटल्यावरच सूचना कडक करावी. घाई केली तर आपणच आपली पत्रे परत लावू.

हे आता ऐच्छिक राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी प्रत्येक प्रेषकाकडे एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी मागायला सुरुवात केली. मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात. गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० पत्रे हे असे प्रमाण आहे.

पत्र पुढे धाडले तर

निवृत्त शिक्षकांचा जुना ई-मेल पत्ता असतो. तिथे आलेली पत्रे ते आपोआप नव्या पत्त्यावर वळवतात. वळवणारा सर्व्हर आपल्या यादीत नसतो, म्हणून एसपीएफ मोडते. मजकूर तोच राहिला असेल तर डीकिम टिकते. पण पत्र एखाद्या गटाला जाऊन तिथे विषयात गटाचे नाव किंवा तळाशी सूचना जोडली गेली तर दोन्ही मोडतात. 'मी घेतले तेव्हा हे पत्र उत्तीर्ण होते' असे वाटेतल्या सर्व्हरने स्वतःच्या सहीनिशी नोंदवण्याची एआरसी ही पद्धत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वाटेतल्या त्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा की नाही, हे मात्र घेणारा ठरवतो.

एवढे सिद्ध होते, एवढे होत नाही

तिन्ही चाचण्या उत्तीर्ण झालेले पत्र खरे सांगते असे समजू नये. पत्र त्या डोमेनच्या मालकाच्या परवानगीने निघाले, इतकेच सिद्ध होते. शाळेच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनलाही तिन्ही नोंदी लावता येतात आणि ते खोटे पत्र निर्धास्त उत्तीर्ण होते. कोणी आपला परवलीचा शब्द चोरला तर चोराचे पत्रही उत्तीर्ण होईल. डीकिमची सही ही डोमेनची सही आहे, माणसाची नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये मान्य केलेली व्यक्तीची डिजिटल सही वेगळी. म्हणून पैसे मागणारे पत्र आले तर आपली जुनी रीत सोडू नये. फोन उचलून विचारावे.

वर्गात करून पाहा

१. आपल्याला आलेली एखादी ई-मेल उघडून 'मूळ संदेश' दाखवण्याची सोय शोधा. जीमेलमध्ये एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांचे निकाल वरच दिसतात. एक ओळखीचे पत्र आणि एक स्पॅममधले पत्र घेऊन त्यांची तुलना करा. स्पॅममधलेही उत्तीर्ण असेल तर ते का, यावर चर्चा करा.

२. तीन विद्यार्थी निवडा: शाळा, रिले आणि पालक. फळा ही डीएनएस नोंदवही. शाळेने फळ्यावर ३३ आणि ३ लिहावेत, ७ लपवावा. सारांश २ असेल तर सही २९ येते आणि ५ असेल तर १४. पालकांनी ती तपासावी. एकदा रिलेने मजकूर गुपचूप बदलावा आणि काय होते ते पाहावे.

३. ७७ या संख्येचे अवयव पाडा. मग ८,६३३ चे पाडा. दोन्हींना लागलेला वेळ लिहून ठेवा आणि ६१७ अंकी संख्येला किती लागेल याचा विचार करा. ८,६३३ सोडवताना मुलांना जो कंटाळा येईल त्यावरच ही सारी सुरक्षितता उभी आहे.